टीव्हीला कॉम्प्युटर आणि नेटवर्क जोडणाऱ्या केबल: काय घ्यावं, काय टाळावं

एचडीएमआय केबलच्या खोक्यावर पुढे मोठ्या अक्षरांत '८के', 'थ्रीडी', 'गोल्ड प्लेटेड', '२.१' असं छापलेलं असतं. चित्र नीट येणार की नाही हे ठरवणाऱ्या गोष्टी, म्हणजे केबलचा वर्ग, चाचणीचं लेबल, लांबी, आतल्या तारेची जाडी, या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतात किंवा नसतातच. हा आढावा त्या मागच्या बाजूचा आहे. टीव्ही आणि कॉम्प्युटर, टीव्ही आणि राउटर यांच्यामध्ये ज्या केबल आणि ॲडॅप्टर येतात, त्यांतल्या कशावर पैसे घालावेत आणि कशावर घालू नयेत, एवढाच प्रश्न आहे.

एचडीएमआय: आकडा पोर्टचा, वर्ग केबलचा

१.४, २.०, २.१ हे आकडे टीव्ही आणि कॉम्प्युटरच्या पोर्टचे आहेत. केबलवर असा आकडा छापणं एचडीएमआयच्या नियमांत बसत नाही, तरी तो सर्रास दिसतो. केबल ओळखायची ती तिच्या वर्गावरून. 'हाय स्पीड' केबल सेकंदाला १०.२ गिगाबिटपर्यंत, 'प्रीमियम हाय स्पीड' १८ गिगाबिटपर्यंत आणि 'अल्ट्रा हाय स्पीड' ४८ गिगाबिटपर्यंत धरलेली असते. २०२५ मध्ये एचडीएमआय २.२ आणि त्यासोबत ९६ गिगाबिटचा 'अल्ट्रा९६' वर्ग आला. आज घरात असलेल्या टीव्हीसाठी त्याच्या मागे लागायचं कारण नाही.

या आकड्यांचा प्रत्यक्ष संबंध कुठे येतो? ३८४० बाय २१६० चं, म्हणजे ४के, चित्र सेकंदाला ६० वेळा (६० हर्ट्झ), प्रत्येक रंगाला ८ बिट देऊन आणि रंगात काटछाट न करता पाठवायचं तर तारेवर १७.८२ गिगाबिट लागतात. १८ मध्ये ते जेमतेम बसतं. तेच चित्र एचडीआरसाठी, म्हणजे उजेड आणि अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवण्यासाठी, १० बिटचं केलं की गरज २२ च्या वर जाते आणि २.० च्या पोर्टमधून ते मावत नाही. मग ग्राफिक्स कार्ड रंगाची माहिती अर्धी करून, म्हणजे ४:२:२ पद्धतीने, चित्र पाठवतं. सिनेमा बघताना हे सहसा लक्षात येत नाही. पण टीव्हीवर एक्सेल शीट किंवा कोड उघडा. काळ्यावरची लाल किंवा निळी बारीक अक्षरं कडेने फुटलेली दिसतात, पांढरी मात्र ठीक असतात. असं दिसलं की लोक केबल बदलतात आणि फरक पडत नाही, कारण दोष केबलमध्ये नसतोच. ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये ८ बिट आणि आरजीबी (किंवा ४:४:४, म्हणजे रंगात काटछाट नसलेली पद्धत) निवडलं की अक्षरं स्वच्छ होतात.

तेव्हा निर्णय सोपा आहे. ४के ६० हर्ट्झपर्यंतच काम असेल तर प्रीमियम पुरते. ४के १२० हर्ट्झवर गेम खेळायचे असतील तर अल्ट्रा हाय स्पीडच लागते. नवीनच घ्यायची असेल तर दोन मीटरच्या आसपासच्या लांबीत सरळ अल्ट्रा घ्यावी. ती जुन्या टीव्हीलाही चालते आणि टीव्ही बदलला तरी पुन्हा खरेदी करावी लागत नाही. घरातली जुनी हाय स्पीड केबल फेकू नका, फुल एचडी आणि ४के ३० साठी ती आजही पूर्ण सक्षम आहे.

खरी अल्ट्रा ओळखायची दोन चिन्हं आहेत. खोक्यावर क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्राचं लेबल असतं, आणि ते एचडीएमआयच्या अधिकृत ॲपने स्कॅन केलं की केबलचा निर्माता, मॉडेल आणि लांबी दिसते. स्कॅनमधली लांबी हातातल्या केबलशी जुळली पाहिजे, कारण प्रत्येक लांबीची चाचणी वेगळी होते. दुसरं, केबलच्या आवरणावर वर्गाचं पूर्ण नाव छापलेलं असतं. 'अल्ट्रा एचडी' किंवा 'अल्ट्रा ८के' हे वर्गाचं नाव नव्हे. या चाचणीत केबलमधून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरीही मोजल्या जातात, आणि ही बाब कमी महत्त्वाची नाही: वाईट शील्डिंगची (म्हणजे लहरी अडवणारं आतलं आवरण कच्चं असलेली) केबल टीव्हीमागे वाय-फाय अँटेनाशेजारीच असते आणि २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय खराब करते.

सोन्याच्या मुलाम्याने पिनांना गंज लागत नाही. दमट हवेत, समुद्राजवळ तो उपयोगी आहे. चित्राच्या दर्जाशी मात्र त्याचा काही संबंध नाही. केबलमधून बिट जातात. ते नीट पोचले तर साधी केबल आणि दसपट महाग केबल यांचं चित्र एकच. नीट पोचले नाहीत तर चित्रावर पांढरे ठिपके चमकतात, स्क्रीन एक-दोन सेकंद काळी होऊन परत येते किंवा 'सिग्नल नाही' अशी पाटी येते. फिकट रंग, धूसर काळा, मऊ कडा ही केबलची लक्षणं नाहीत. त्यांचा इलाज पुढे सेटिंगच्या भागात आहे.

लांबी

तांब्याच्या केबलची परीक्षा लांबीत होते, आणि सगळ्यात जास्त फसगतही इथेच. १८ गिगाबिटसाठी ५ मीटरपर्यंत चांगली तांब्याची केबल चालते. ४८ गिगाबिटसाठी ३ मीटरपर्यंत निर्धास्त राहावं, ५ मीटर ही व्यवहारातली हद्द समजावी. १० किंवा १५ मीटरच्या साध्या तांब्याच्या केबलवर '४के' लिहिलेलं असलं तरी ते बहुधा ३० हर्ट्झचं ४के असतं. अशी केबल भिंतीत टाकल्यावर फुल एचडी उत्तम दिसतं आणि ४के ६० लावलं की स्क्रीन काळी पडते.

तारेची जाडी एडब्ल्यूजी आकड्यात देतात. आकडा लहान, तितकी तार जाड. २ मीटरपर्यंत ३० एडब्ल्यूजी चालते, ५ मीटरला २४ किंवा २६ हवी. जाड केबल मात्र ताठ असते. भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीमागे तिला वळायला जागा नसते आणि सगळा ताण पोर्टवर येतो. कालांतराने पोर्टचा सोल्डर सुटतो आणि केबल हलवली की चित्र जातं. काटकोनी ॲडॅप्टर लावून ताण कमी होतो, पण तो वर वळणारा आणि खाली वळणारा अशा दोन प्रकारांत येतो, त्यामुळे पोर्टची उलटी-सुलटी बाजू बघूनच घ्यावा. शिवाय ॲडॅप्टर म्हणजे आणखी एक सांधा. १८ गिगाबिटपर्यंत तो खपतो, ४८ ला टाळावा. त्यापेक्षा टोकाचं प्लॅस्टिक आखूड असलेली लवचिक केबल घेणं चांगलं.

५ मीटरच्या पुढे ऑप्टिकल एचडीएमआय घ्यावी. आत काचेचे तंतू असतात, आणि टोकांना चिप: कॉम्प्युटरकडची विजेचा सिग्नल प्रकाशात बदलते, टीव्हीकडची प्रकाश पुन्हा विजेत. १५-२० मीटरवर ४के १२० देणारा हा सगळ्यात भरवशाचा पर्याय आहे, आणि केबल बारीक असल्याने पाइपमधून सहज ओढता येते. तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, तिला दिशा असते. 'सोर्स' लिहिलेलं टोक कॉम्प्युटरकडे, 'डिस्प्ले' लिहिलेलं टीव्हीकडे. उलटी ओढली तर काहीच दिसत नाही, आणि भिंतीतून परत काढावी लागते. म्हणून ओढण्याआधी जमिनीवर पसरून दोन्ही टोकं जोडून तासभर चालवून बघावी. दोन, ती तीव्र कोनात मुडपली की तंतू तुटतो आणि दुरुस्त होत नाही. तीन, टोकांच्या चिपना लागणारी वीज ती एचडीएमआय पोर्टच्या ५ व्होल्टच्या पिनमधून घेते. नियमाप्रमाणे त्या पिनने किमान ५५ मिलिअँपिअर द्यायचे असतात, आणि काही लॅपटॉप तेवढ्यावरच थांबतात. चित्र अधूनमधून जात असेल तर कारण हे असू शकतं. यूएसबीतून जादा वीज घेण्याची सोय असलेली केबल घेतली तर ही अडचण येत नाही.

कॉम्प्युटरकडचं टोक

टाइप-सीचं तोंड दिसलं म्हणजे त्यातून चित्र निघेलच असं नाही. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात त्या पोर्टपुढे 'डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड', 'थंडरबोल्ट' किंवा 'यूएसबी४' लिहिलेलं हवं. नसेल तर टाइप-सी ते एचडीएमआय केबल कितीही चांगली असली तरी चालणार नाही. मोबाइलसोबत येणारी चार्जिंगची टाइप-सी केबल बहुतेक वेळा फक्त यूएसबी २.० च्या तारांची असते, तिच्यातून हबला (एका टाइप-सी तोंडातून अनेक पोर्ट काढणाऱ्या डबीला) किंवा मॉनिटरला चित्र जात नाही.

हबबद्दल मत फारसं चांगलं नाही. बऱ्याच हबवर '४के' लिहिलेलं असतं आणि ३० हर्ट्झ हा आकडा शोधावा लागतो. ३० हर्ट्झवर माउसचा बाण टीव्हीवर अडखळत सरकतो, टायपिंग मागून उमटतं. याचं कारण असं: टाइप-सीमध्ये वेगाच्या चार वाटा असतात. हबला यूएसबी ३ सुद्धा चालवायचं असेल तर दोन वाटा त्याला जातात आणि चित्राला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट ही कॉम्प्युटरमधून चित्र नेण्याची एचडीएमआयसारखीच दुसरी पद्धत. तिच्या १.२ आवृत्तीच्या जुन्या लॅपटॉपवर त्या दोन वाटांत ४के ३० च बसतं. डिस्प्लेपोर्ट १.४ असेल आणि हबही तेवढ्या क्षमतेचा असेल तर ६० मिळतं. फक्त टीव्हीच जोडायचा असेल तर हब नको. '४के ६० हर्ट्झ' असं स्पष्ट लिहिलेली थेट टाइप-सी ते एचडीएमआय केबल चारही वाटा चित्राला देते आणि स्वस्तही पडते.

डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डला डिस्प्लेपोर्ट रिकामा असेल तर त्यातून एचडीएमआय काढता येतं, पण ॲडॅप्टर दोन जातींचे असतात. साधा, म्हणजे पॅसिव्ह, ॲडॅप्टर कार्डलाच एचडीएमआयचा सिग्नल द्यायला सांगतो आणि त्याची मर्यादा फार तर ४के ३० ची असते. ४के ६० आणि त्यापुढे ॲक्टिव्ह ॲडॅप्टर हवा, ज्याच्या आत रूपांतर करणारी चिप असते. कार्डला एचडीएमआय असेल तर हे सगळं सोडून तेच वापरावं. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय ही केबल एकाच दिशेने चालते, हेही ध्यानात ठेवा. डीव्हीआयच्या जुन्या कार्डाला साधी डीव्हीआय-एचडीएमआय केबल फुल एचडीपर्यंत ठीक आहे, आवाज मात्र बहुधा वेगळ्या तारेने न्यावा लागतो. व्हीजीएला वीज लागणारा कन्व्हर्टरच लागतो, नुसती केबल निरुपयोगी.

टीव्हीच्या यूएसबी पोर्टमध्ये कॉम्प्युटरची केबल लावून चित्र येत नाही. तो पोर्ट पेनड्राइव्ह आणि कीबोर्डसाठी आहे. दोन्ही टोकांना चपटा यूएसबी-ए प्लग असलेली केबल लावून तर अजिबात बघू नये, दोन्हीकडून ५ व्होल्ट एकमेकांवर येतात आणि पोर्ट जळू शकतो.

केबल बरोबर, तरी चित्र बिघडलेलं

नवीन अल्ट्रा केबल लावूनही ४के ६० वर एचडीआर किंवा पूर्ण रंग मिळत नाहीत ही नेहमीची तक्रार आहे. बऱ्याच टीव्हींत पोर्टची पूर्ण क्षमता मुळात बंद ठेवलेली असते. सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीमध्ये 'एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीमध्ये 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट' खाली 'एन्हान्स्ड' असं ते सेटिंग असतं आणि ज्या पोर्टला कॉम्प्युटर आहे त्याच पोर्टसाठी ते चालू करावं लागतं. अनेक टीव्हींत चारपैकी एक किंवा दोनच पोर्ट १२० हर्ट्झचे असतात, म्हणून पोर्टशेजारचा बारीक मजकूर टॉर्च लावून वाचावा.

डेस्कटॉपच्या कडा कापल्या जात असतील, टास्कबार अर्धाच दिसत असेल, तर टीव्हीतलं चित्राच्या आकाराचं सेटिंग 'जस्ट स्कॅन' किंवा 'फिट टू स्क्रीन' करा. काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा अंधाऱ्या दृश्यातला तपशील बुडत असेल तर रंगपट्टा जुळत नाहीये: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे एका बाजूला ० ते २५५ आणि दुसऱ्या बाजूला १६ ते २३५ आहेत. ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये आणि टीव्हीच्या 'ब्लॅक लेव्हल'मध्ये दोन्हीकडे एकच ठेवा. इनपुटला 'पीसी' असं नाव किंवा चिन्ह दिलं की सॅमसंग आणि एलजी टीव्ही अक्षरांवरची प्रक्रिया थांबवून पूर्ण रंग दाखवतात.

स्क्रीन अधूनमधून काळी होत असेल तर कॉम्प्युटरवर आधी १०८०पी ६० लावा. ते तासभर टिकलं आणि ४के ६० टिकत नसेल तर केबल, सांधा किंवा पोर्टची क्षमता कमी पडते आहे. १०८०पी वरही जात असेल तर पोर्ट सैल झाला आहे किंवा वीज कमी पडते आहे.

नेटवर्कची केबल

इथे पहिला गैरसमज दूर व्हायला हवा. लॅन केबलने कॉम्प्युटरचा डेस्कटॉप टीव्हीवर दिसत नाही. तिने इंटरनेट येतं आणि कॉम्प्युटरमधल्या फाइल डीएलएनए, प्लेक्स किंवा जेलीफिनसारख्या सर्व्हरमधून टीव्हीवर चालवता येतात. दुसरा गैरसमज 'एचडीएमआय विथ इथरनेट' या नावाचा. अशा केबलमध्ये नेटवर्कसाठी तारांची एक जोडी राखलेली असते खरी, पण ती वापरणारी उपकरणं बाजारात जवळपास आलीच नाहीत. टीव्हीला त्या केबलमधून इंटरनेट मिळेल ही आशा सोडा. तीच जोडी आज ईएआरसीसाठी, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेण्यासाठी, उपयोगी पडते.

बहुतेक स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो, महागड्या टीव्हींतही. लॅन केबलचे वर्ग 'कॅट' आकड्याने ओळखतात. त्यामुळे कॅट ७ आणि कॅट ८ च्या केबल टीव्हीसाठी विकत घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे. कॅट ५ई १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते, टीव्हीच्या गरजेच्या दसपट. कॅट ८ ही डेटा सेंटरमधल्या ३० मीटरच्या आतल्या जोडणीसाठी आहे. भिंतीत नव्याने टाकायची असेल तर कॅट ६ घ्यावी. ५५ मीटरपर्यंत तीत १० गिगाबिटही जातात आणि उद्या त्याच सॉकेटला कॉम्प्युटर लागला तरी अडचण येत नाही.

वर्गापेक्षा तारेचा धातू जास्त महत्त्वाचा. 'सीसीए' म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशी तार कॅट ५ई किंवा कॅट ६ च्या मानकात बसत नाही, चार वेळा वाकवली की तुटते, सॉकेटच्या पात्यात सैल होते. शुद्ध तांब्याची केबल हाताला जड लागते, आणि तारेचं टोक चाकूने खरवडलं की आतही तांबडंच दिसतं. सीसीए आत पांढरी निघते. भिंतीतल्या लांब ओळीसाठी सलग एका तारेची, म्हणजे सॉलिड, केबल हवी. टीव्ही ते सॉकेट या हलणाऱ्या तुकड्यासाठी बारीक तारांची, म्हणजे स्ट्रँडेड. चपट्या केबल गालिच्याखालून पाच-दहा मीटर न्यायला सोयीच्या आहेत, भिंतीत घालू नयेत.

प्लग स्वतः लावणार असाल तर दोन्ही टोकांना एकच क्रम ठेवा: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. जोडीची पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडू नका, आणि बाहेरचं आवरण प्लगच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर ओढ थेट तारांवर येते. तपासणी टीव्ही लावून करू नका. १०० मेगाबिटला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या लागतात, म्हणून निळी किंवा तपकिरी तार लागलेली नसली तरी टीव्ही बिनतक्रार चालतो. गिगाबिट पोर्ट असलेला लॅपटॉप लावून विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १००० ऐवजी १०० दिसलं तर कुठलीतरी जोडी सुटलेली आहे.

चांगलं ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय १०० मेगाबिटच्या पुढे जातं, हे खरं आहे. तरी ऑनलाइन सिनेमासाठी केबलच चांगली, कारण ४के स्ट्रीमिंगला साधारण १५ ते २५ मेगाबिट पुरतात आणि केबलचा वेग शेजाऱ्यांच्या वाय-फायने किंवा भिंतीने हलत नाही. अपवाद एकच: कॉम्प्युटरवरच्या ४के ब्ल्यू-रे दर्जाच्या मोठ्या फाइल. त्यांचा प्रवाह काही दृश्यांत १०० च्या वर जातो आणि लॅनवर नेमका तिथे अडकतो. काही टीव्ही यूएसबी ते गिगाबिट लॅन ॲडॅप्टर ओळखतात आणि यूएसबी २.० पोर्टवरही ३०० च्या आसपास वेग मिळतो. सगळे टीव्ही ओळखत नाहीत, म्हणून परत घेण्याची अट असेल तरच घ्यावा.

कॉम्प्युटर थेट टीव्हीला लॅनने जोडला तर क्रॉस केबल (दोन्ही टोकांना तारांचा क्रम वेगळा असलेली) लागत नाही, गिगाबिट पोर्ट तारांचा क्रम स्वतः जुळवून घेतात. पण मध्ये राउटर नसल्याने टीव्हीला आयपी पत्ता देणारं कोणी नसतं. कॉम्प्युटरला १९२.१६८.१०.१ आणि टीव्हीला १९२.१६८.१०.२ असा पत्ता हाताने द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. फाइल चालतील, इंटरनेट चालणार नाही. दोन्ही हवं असेल तर दोघांनाही राउटरलाच जोडणं सगळ्यात सरळ.

लॅन केबलवरून एचडीएमआय नेणारे एक्स्टेंडर मिळतात. त्यांना सहसा कॅट ६ लागते, पण बऱ्याच एक्स्टेंडरचा सिग्नल नेटवर्कचा नसतो. अशा एक्स्टेंडरची तार स्विच किंवा राउटरमध्ये घालू नये. फुल एचडीला ते चांगले आहेत. ४के ६० साठी खोक्यावर १८ गिगाबिट लिहिलंय की चित्र दाबून पाठवतात ते बघावं, आणि नवीन काम असेल तर त्यांच्याऐवजी ऑप्टिकल केबलच घालावी.

भिंतीत केबल टाकताना विजेच्या तारांचा पाइप वेगळा ठेवा, एचडीएमआय आणि लॅन एका पाइपमध्ये चालतात. पाइप किमान २५ मिलिमीटरचा घ्या, कारण एचडीएमआयचं टोक कापून परत लावता येत नाही, ते अख्खं आत जावं लागतं. वळणं काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंडची ठेवा, आणि केबलसोबत एक नायलॉनची दोरीही आत सोडून द्या, म्हणजे पुढच्या वर्गाची केबल ओढायला भिंत फोडावी लागणार नाही.